खिडक्यांत बसलेली मुलं

१४ एप्रिल १९९६, रविवार

आज माझं सदर छापून आलं. 'स्वप्न-संकेत', आणि खाली नुसतं 'श्रीधर'. आडनाव अनिलबाबूंनी काढून टाकलं. म्हणाले, "सरनेम लगाने से बाबूजी लगते हैं, बिना सरनेम के ज्ञानी." अनिलबाबू आपल्या उज्जैनच्या सांजेच्या हिंदी पेपरचे संपादक. रंगीत टीव्ही नि स्कूटरच्या जाहिराती येऊ लागल्या म्हणून त्यांनी रविवारची पुरवणी काढली, आणि जाहिरातींच्या मधे भरायला मजकूर हवा होता. मी जानेवारीत तारघरातून रिटायर झालो. फुरसतच फुरसत. जवळ स्वप्नफलाची दोन जुनी पुस्तकं होती, हिंदी चांगलं होतं. जमून गेलं.

चौतीस वर्षं तारा घेतल्या. लोक तारेत शब्द वाचवतात आणि वाचवलेला शब्द बरोबर ओळखायचा ही आमची कला. स्वप्नाचं काही वेगळं नसावं.

अहल्येने वाचलं. दोन ठिकाणी अनुस्वार चुकल्याचं दाखवलं, मग पोहे करायला गेली. तिला पेपरात नवऱ्याचं नाव आल्याचं विशेष काही वाटलं नाही बहुतेक.

१७ एप्रिल, बुधवार

आज आयताच मसाला मिळाला. चहा घेताना अहल्या म्हणाली, "मला आज पुन्हा शाळा दिसली."

"पुन्हा म्हणजे?"

"अधूनमधून दिसते. मुलंच मुलं. व्हरांड्यात, जिन्यावर, काही तर खिडक्यांत पाय सोडून बसलेली. बसायला जागाच नाही. आणि गलका असा की कान किटतील."

"मग?"

"मग काही नाही. जाग येते."

मी लगेच टिपून घेतलं. साप, पाणी, पडलेले दात सगळ्यांनाच दिसतात. गर्दीची शाळा नवीन आहे. पुस्तकात 'विद्यालय' आहे, 'भीड़' पण आहे. दोन्ही जोडली की झालं.

२८ एप्रिल, रविवार

'फ्रीगंजच्या एका भगिनीचं स्वप्न' म्हणून छापलं. अर्थ दिला: विद्यालय दिसणे म्हणजे मान, गर्दी म्हणजे लाभ, पण बसायला जागा न मिळणे म्हणजे तो लाभ थोडक्यात हुकणार. गुरुवारी पिवळं दान करावं.

अहल्या वाचून म्हणाली, "जागा न मिळणे असं मी म्हटलं होतं?"

म्हटलं, "तेच म्हणालीस की."

"असेल," ती म्हणाली आणि डाळ निवडायला बसली. ओट्यावर शेजारच्या दोन मुली पाढे लिहीत बसल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत पण या हिच्याकडे का येतात कोण जाणे. घरी पंखा नसेल.

९ मे, गुरुवार

पत्रं! अनिलबाबूंनी पिशवी भरून दिली. सत्तावीसपैकी अकरा जणांना शाळा दिसते. तेलाचे एक व्यापारी, एक कंपाउंडर, रेल्वेतले दोघे, चार गृहिणी. मला वाटलं होतं अहल्येचंच विशेष आहे. अर्ध्या उज्जैनला झोपेत शाळेत जावं लागतं तर!

पत्रं लावायचं काम अहल्येने आपणहून घेतलं. ती ती वाचते सुद्धा, जरा जास्तच वाचते. कंपाउंडरला शाळेत आपला वर्ग सापडत नाही, गर्दीत तो दारोदार हिंडतो. मी शनीचं लिहायला घेतलं होतं. ती म्हणाली, "अहो, त्यांना विचारा ना, कितवीचा वर्ग शोधत होते. जिथून शाळा सुटली तोच असेल."

मी तेच जरा सजवून लिहिलं: जो वर्ग आयुष्यात सुटला, माणूस झोपेत तोच शोधत असतो.

२० मे, सोमवार

अनिलबाबू जाम खूष. "क्या लाइन लिखी है, श्रीधरजी! वर्ग छूट गया!" कंपाउंडर स्वतः ऑफिसात येऊन गेला म्हणे. आठवीत असताना वडील वारले, तेव्हा शाळा सुटली होती. वाचून रडला.

लिहिण्यात माझा हात आता बसला.

३ जून, सोमवार

अहल्येला ते स्वप्न परत पडलं. महिन्यात चौथ्यांदा. आता मात्र मला काळजी वाटते. तिला एक्कावन्नावं चालू आहे. सिंहपुरीतल्या शास्त्रीबुवांना तिची पत्रिका दाखवली. त्यांनी कन्येच्या विवाहाची चिंता सांगितली. पटण्यासारखं आहे. अपर्णा अठ्ठावीस वर्षांची झाली, इंदूरला त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि लग्नाचं नाव काढू देत नाही. एसटीडी बूथवरून तिला फोन लावला, म्हटलं, आईच्या झोपेवर परिणाम होऊन राहिला आहे तुझा.

अपर्णा म्हणाली, "बाबा, आईला विचारलंत का?"

म्हटलं, शास्त्रीबुवांना विचारलं.

ती हसली का खोकली कळलं नाही. बूथवर फार आवाज.

२३ जून, रविवार

एक पोस्टकार्ड आलं, मराठीत. रजनी देव नावाच्या रिटायर मुख्याध्यापिका आहेत. नानाखेड्याला राहत्या घरात लहान मुलांची शाळा चालवतात. चारच ओळी:

'आपण गर्दीच्या शाळेवर दोनदा लिहिलंत. ज्या बाईंना हे स्वप्न पडतं त्या स्वप्नात शाळेत काय करत असतात, ते मात्र लिहिलं नाहीत. विद्यार्थिनी असतात की शिक्षिका? त्यावर सगळाच अर्थ फिरतो, असं मला वाटतं.'

खाली पूर्ण पत्ता. मास्तरीण शेवटी मास्तरीणच. उत्तरपत्रिका तपासल्यासारखं पत्र. स्वप्नात माणूस शाळेत जाईल तर विद्यार्थी म्हणूनच जाईल. कार्ड बाजूला टाकलं.

संध्याकाळी ते अहल्येच्या हातात दिसलं. वाचून झालं होतं तरी धरून बसली होती. मी म्हटलं, याला उत्तर द्यायची गरज नाही. "बरं," ती म्हणाली.

२ जुलै, मंगळवार

अहल्या सकाळी सगळा स्वयंपाक करून "नानाखेड्याला जाऊन येते" म्हणून टेम्पोने गेली. दीडला आली. बहुतेक त्या बाजूला भजनी मंडळ सुरू झालं आहे. बरंच आहे, मन रमेल.

१६ जुलै, मंगळवार

रोजच जाते आता. मी आपला वाढून घेतो. तिचा आवाज बसला आहे. काढा कर म्हटलं तर हसली. पदराला पांढरं पीठ लागलं होतं. विचारलं, "चक्कीवर गेली होतीस?"

"नाही."

मग मला अनिलबाबूंकडे मजकूर द्यायचा होता, निघालो.

ओट्यावर आता पाच मुलं असतात.

३ ऑगस्ट, शनिवार

अनिलबाबूंनी अडवलं. रजनी देव बाईंनी त्यांनाही एक कार्ड टाकलं आहे. "जवाब तो देना पड़ेगा, श्रीधरजी. अच्छा सवाल है. आप उस भगिनी से पूछ लीजिए, और क्या!"

त्या भगिनीला! म्हटलं, पूछ लेंगे.

४ ऑगस्ट, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

दुपारी चहा झाल्यावर सहज विचारलं, "अगं, त्या स्वप्नात तू असतेस कुठे? म्हणजे काय करत असतेस? कितवीत?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "कितवीत म्हणजे? मी या वयाचीच असते. उभी असते पुढे. हातात हजेरीचं रजिस्टर असतं."

"तुला बसायला जागा नसते ना?"

"मला कशाला हवी जागा? मुलांना जागा नसते. मी नावं वाचते आणि गलक्यात कोणाचं 'हजर' ऐकू येत नाही. पान उलटते तर नावं आणखीच. तेवढ्यात जाग येते."

मग ती म्हणाली, "आता खरी शाळा पण तशीच आहे. रजनीताईंकडे पहिली ब. बहात्तर मुलं. एका खोलीत."

"कोणाची पहिली ब?"

"माझी. महिना झाला की. दोन जुलैपासून."

"मला सांगितलं नाहीस!"

"रोज सांगून जाते, नानाखेड्याला जाते म्हणून." आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही विचारलं नाहीत, कशाला जातेस."

ते पीठ म्हणजे खडूची भुकटी होती.

५ ऑगस्ट, सोमवार

काल सगळं लिहिलं म्हटलं, पण एक लिहिलं नाही. ते मी कधीच कुठे लिहिलेलं नाही.

१९६८. अहल्या बाळंतपणाला माहेरी, धारला. अपर्णा पंधरा दिवसांची. इकडे टपालाने तिची ऑर्डर आली. तिने लग्नाआधी ट्रेनिंग केलं होतं, अर्ज टाकला होता. शाजापूरला मुलींची सरकारी प्राथमिक शाळा, वीस दिवसांत रुजू व्हायचं. आईने ऑर्डर माझ्याकडून वाचून घेतली. वडील तोवर गेले होते, घरात आई नि मी दोघंच. आई म्हणाली, "जाऊ दे की तिला. मी जाईन तिच्याबरोबर, पोर सांभाळीन. तू राहा इथे, खानावळीत जेव." आमच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या शिंदे सरकारच्या दप्तरात कलमं घासली, पण घरातली बाई नोकरीला गेलेली नव्हती. तरी आई असं म्हणाली.

मला ते नको होतं. खानावळ नको होती. ऑफिसातल्यांनी काय म्हटलं असतं तेही नको होतं. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेल्यावर मी फॉर्म भरला, रुजू होऊ शकत नाही, दिलगीर आहे, आणि खाली तिचं नाव. ती तार मी माझ्याच हाताने पाठवली. आईला म्हटलं, मुदत टळली, आता तिच्याजवळ विषय काढू नकोस, उगाच वाईट वाटेल.

दीड महिन्याने अहल्या बाळाला घेऊन आली. मैत्रिणीच्या पत्रातून तिला ऑर्डरी निघाल्याचं कळलं होतं. विचारलं तर मी म्हटलं, "ऑर्डर घरात पडून राहिली, मुदत टळून गेली." एवढंच. कोणाचं नाव घेतलं नाही.

सांगावं का तिला? अठ्ठावीस वर्षं झाली. आता ती शिकवायला लागलीच आहे, उगाच जुनं उकरून काय मिळणार? पण काल ती हजेरीचं बोलत असताना मला फॉर्मवरचं तिचं नाव दिसत होतं. माझ्या अक्षरातलं.

८ ऑगस्ट, गुरुवार

सांगितलं. ती शाळेतून येऊन जेवली, मग सांगितलं. आई काय म्हणाली होती ते सुद्धा. तिने ऐकून घेतलं. ताटं उचलली. वह्यांचा गठ्ठा काढला आणि तपासत बसली. मी समोर बसून राहिलो. एकाही वहीवर लाल शाई उमटली नाही, नुसती पानं उलटत होती.

११ ऑगस्ट, रविवार

तीन दिवस लागेल तेवढंच बोलणं. भाजी कोणती, टेम्पो मिळाला का, एवढं. रागावली असती तर बरं झालं असतं.

आज सकाळी तुळशीला पाणी घालताना म्हणाली, "मी इतकी वर्षं सासूबाईंनाच धरून होते."

मला कळलं नाही.

"तुम्ही म्हणालात, ऑर्डर घरात पडून राहिली. तुम्ही दिवसभर ऑफिसात. घरात दुसरं कोण होतं? मी समजले, त्यांनीच दाबून ठेवली." तांब्या खाली ठेवला. "त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी सगळं केलं. न्हाऊ घातलं, भरवलं. पण प्रेमाने एकदा हात हातात घेतला नाही. त्या बघायच्या माझ्याकडे. त्यांना काय वाटलं असेल, सून अशी का?"

मी म्हटलं, आईला तू चांगलीच वाटायचीस.

"तुम्ही नका सांगू," ती म्हणाली.

आई गेली त्याला सतरा वर्षं झाली. तिने मला एकदा विचारलं होतं, "अहल्या माझ्यावर कशावरून रुसली आहे रे?" मी म्हटलं होतं, तुझा भ्रम आहे. हे मात्र आज अहल्येला सांगितलं नाही. धीर झाला नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

आजच्या सदरात लिहिलं: गर्दीच्या शाळेचा मी दोनदा दिलेला अर्थ चुकीचा होता. ज्यांचं स्वप्न होतं त्यांना मी काही विचारलंच नव्हतं. वाचकांनी आपल्या घरातल्यांना विचारून पाहावं.

अनिलबाबू नाराज. "पाठक को माफ़ी नहीं चाहिए, मतलब चाहिए. सवाल तो उसके पास पहले से हैं."

३ सप्टेंबर, मंगळवार

आज एक काम करायला गेलो आणि हात पोळून आलो.

अहल्या रजनीताईंकडे आत्तापुरती म्हणून आहे. मला वाटलं, तिला कायम करून घ्यावं म्हणून अर्ज द्यावा. सुवाच्य अक्षरात लिहिला, तिचं ट्रेनिंग, १९६८ची सरकारी निवड, सगळं. सकाळी ती वर्गात असताना रजनीताईंना भेटलो. साठीच्या आहेत, चष्म्यावरून बघतात. अर्ज वाचून परत दिला. "छान लिहिलाय. पण अहल्याताईंची सही कुठंय?"

घरी आलो आणि तो तिच्यासमोर ठेवला. तिने शेवटपर्यंत वाचला. कागदाची घडी घातली.

"माझ्या नावाने काही लिहू नका."

"अगं, चांगल्यासाठीच..."

"चांगलं पण नको. मला लिहिता येतं."

६ ऑक्टोबर, रविवार

पितृपक्ष. आईचं श्राद्ध झालं. दरवर्षी अहल्या गुरुजी सांगतील तेवढंच करते. आज न सांगता मूगडाळीचा शिरा केला, आईला आवडायचा तसा वेलदोडा जास्त घालून. तिला हे कसं लक्षात राहिलं, मीच विसरलो होतो.

आज तिला सांगितलं, आईने मला काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं. ती पानावरचं वाढप आवरता आवरता म्हणाली, "निदान त्यांनी विचारलं."

२० ऑक्टोबर, रविवार

'स्वप्न-संकेत' आजपासून इंदूरचे एक ज्योतिषी लिहिणार. अनिलबाबूंनी निरोप पण नीट दिला नाही, पेपर उघडला तेव्हा कळलं. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? अहल्येला दाखवलं. म्हणाली, "यांचे अनुस्वार बरोबर आहेत."

मग स्वतःच हसली. ऑगस्टनंतर प्रथमच.

कंपाउंडर देवास गेटला भेटला. रात्रीच्या शाळेत नाव घातलं म्हणे, आठवीलाच. मी म्हटलं, ती ओळ माझी नव्हती, माझ्या मिसेसची होती. त्याला विनय वाटला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

टेम्पोवाल्यांची हडताळ. अहल्या सकाळी पायीच गेली. येताना वह्यांचं ओझं असेल म्हणून मी साडेबाराला सायकल घेऊन नानाखेड्याला गेलो. तिला कॅरिअरवर बसवणार नव्हतो, बसणारही नाही ती. पिशवी तरी लादता आली असती.

शाळा सुटायची होती. फाटकाबाहेर आयाबाया, आजोबा लोक, तीन-चार स्कूटरवाले बाप. खोल्या तीनच, घर साधंच. पण आतून असा आवाज येत होता की जवळून ट्रक गेला तर कळू नये. मी आत डोकवायला गेलो तर फाटकावरच्या बाईने हटकलं.

"किस बच्चे के दादाजी हैं आप?"

"किसी के नहीं."

"तो फिर?"

आपल्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही, 'हमारे घर से आई हैं' असं म्हणतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहल्या मैडम के घर से हूँ."

ती बाई पदर तोंडाला लावून हसली. आजूबाजूच्या दोन-तीन आया पण हसल्या. एका स्कूटरवाल्याने मात्र हात जोडले. "आप मैडम के घर से हैं? हमारी गुड़िया तो घर में भी मैडम बनके हाज़िरी लेती है." मग त्याने मला आपल्या स्कूटरवर टेकायला जागा दिली.

एक वाजला. पहिली अ सुटली, दुसरी सुटली. पहिली ब सुटेना. अखेर अहल्या दारात आली. केस विस्कटलेले, हात खडूने भरलेले, मागून दोन मुलं पदर धरून. तिने मला बघितलं. का आलात विचारलं नाही. आत जाऊन वह्यांचा गठ्ठा आणला आणि माझ्या हातांत दिला.

"धरा. वीस मिनिटं थांबावं लागेल. सहा जणांची हातच्याची बेरीज राहिली आहे."

"थांबतो," मी म्हटलं.

ती आत गेली. मी तिथेच भिंतीच्या सावलीत उभा राहिलो, आणि तिने आतून एकेकाचं नाव घेऊन त्याला फळ्याशी बोलावलेलं ऐकत राहिलो. सहाचे झाले आठ. पाऊण तास लागला.